प्रोसेस रेकॉर्डिंग आणि माझं 'टेन्शन घेऊ नका'

बीएस्सी नर्सिंगच्या थर्ड इयरला सायकियाट्रीची पोस्टिंग लागली तेव्हा मला भीती पेशंटची नव्हती, प्रोसेस रेकॉर्डिंगची होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पेशंटशी पंधरा-वीस मिनिटं बोलायचं आणि नंतर ते शब्दन्‌शब्द कागदावर उतरवायचं, एका रकान्यात पेशंट काय बोलला, दुसऱ्यात आपण काय बोललो, तिसऱ्यात कुठलं टेक्निक वापरलं. पेशंटसमोर पेन काढायचं नाही म्हणून बोलणं संपलं की आम्ही सगळ्या जिन्याकडे पळायचो आणि विसरायच्या आत खरडायचो.

मला मिळालेल्या काकू पन्नाशीच्या, खेड्यातल्या, डिप्रेशनच्या. एसिटॅलोप्रॅम चालू होऊन चारच दिवस झालेले, म्हणजे गोळीचा असर दिसायला अजून दोन-तीन आठवडे तरी होते. दिवसभर कॉटवर बसून चादरीची कड बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या, परत गुंडाळायच्या.

पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "माझा समद्यांना तरास हाय." मी लगेच, "असं काही नाही काकू, टेन्शन घेऊ नका, सगळं नीट होईल." त्या गप्प. मग मला ती शांतता सहन होईना म्हणून "पण असं का वाटतं तुम्हाला?" तरी गप्प, मग "मुलांकडे बघून तरी मन घट्ट करा." काकूंनी तोंड भिंतीकडे केलं. संपलं, साडेचार मिनिटं.

मॅडमनी तिन्ही वाक्यांखाली लाल रेघ ओढली. खोटा दिलासा, 'का' म्हणून जाब विचारणं, न मागता सल्ला. मला रागच आला खरं तर, कारण आपल्याकडे कुणाला भेटायला गेलं की दुसरं काय बोलतात हो? मॅडम म्हणाल्या, "तुझ्या 'नीट होईल'वर तिने काय बोलायचं, ते सांग." मला काही सुचलं नाही. कागदावर तिचा रकाना तिथे कोराच होता.

नर्स-पेशंटचं नातं हाच उपचाराचा भाग आहे हे हिल्डगार्ड पेप्लाऊ बाईंनी १९५२ मध्येच पुस्तक लिहून मांडलंय, त्यांनी सांगितलेल्या या नात्याच्या चार फेज आम्ही परीक्षेसाठी घोकलेल्या. पण घोकणं वेगळं आणि वॉर्डात पंख्याच्या घरघरीत गप्प बसणं वेगळं. दुसऱ्या दिवशी ठरवून बसले, त्या बोलेपर्यंत बोलायचं नाही. समोरच्या कॉटवरच्या आजींनी दोनदा विचारलं, "हिचं काय भांडण झालंय का तुझ्याशी?" बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, "म्हस इकली." पोरीच्या लग्नाला पैसे कमी पडले म्हणून विकली, आणि तेव्हापासून पहाटे चारला जाग येते पण उठून करायचं काय.

मी शिकवल्यासारखं रिफ्लेक्ट केलं, म्हणजे त्यांचंच म्हणणं माझ्या शब्दांत परत त्यांच्यापुढे ठेवलं, "म्हैस गेल्यापासून उठावंसं वाटत नाही." तर त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तसं न्हवं गं. म्हस जायाचीच हुती. मला कुणी इचारलं न्हाई." माझा अंदाज चुकला आणि तिथेच गाडी सुरू झाली, कारण चूक दुरुस्त करायला त्यांना बोलावंच लागलं. त्या दिवशी वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही.

आता माझी खरी घोडचूक. पहिल्या भेटीत सांगायचं असतं की आपण कोण, किती दिवस येणार, आणि तुमच्या जिवाला धोका आहे असं काही कळलं तर ते मी लपवणार नाही. हे शेवटचं मी गाळलं, पहिल्याच दिवशी असलं काय बोलायचं म्हणून. दुसऱ्या आठवड्यात हात-पाय गार पडलेले असताना सरळ विचारलं, "काकू, जीव द्यावा असं मनात येतं का?" (विचारल्याने डोक्यात घातलं जातं हे खोटं आहे, विचारायचंच असतं.) त्या म्हणाल्या, "येतं. पर कुणाला सांगू नगंस." आता काय! सांगितलं त्यांना, की हे मला इन्चार्ज सिस्टरांना सांगावंच लागेल. सांगितलं. डॉक्टर आले, काकूंची कॉट नर्सिंग स्टेशनसमोर हलवली, ओढणी-नाडी सगळं तपासलं. काकू माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. मी तरी रोज ठरलेल्या वेळी स्टुलावर जाऊन बसायचे, पंधरा मिनिटं, आणि "उद्या दहाला येते" म्हणून उठायचे. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज पाच मिन्टं उशीर झाला तुला."

पोस्टिंग चार आठवड्यांची होती हे मात्र आधीच सांगून ठेवलेलं, रोज एकेक दिवस मोजायचो दोघी. डिस्चार्ज माझ्या शेवटच्याच आठवड्यात झाला. गोळ्यांच्या वेळा मुलाला समजावल्या, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून दिला, फॉलो-अपची तारीख दोनदा सांगितली. आणि गेटपर्यंत गेल्यावर सवयीने तोंडातून निघालंच, "बरं काकू, टेन्शन घेऊ नका हां." त्या मागे वळून खुदकन हसल्या.

जिन्यात बसून ते पण लिहिलं, आणि मॅडमच्या आधी स्वतःच खाली लाल रेघ ओढली.