बॉन्डची भंगार गाणी आणि वाया गेलेला रविवार

रविवार, रात्रीचे पावणेबारा

आज दिवसभरात काय केलं तर काही नाही. पंख्याचा कंडेन्सर आणायचा राहिला, बँकेची केवायसी राहिली, आणि दुपारी चारपासून जेवणापर्यंत आम्ही पाच माणसं जेम्स बॉन्डचं सगळ्यात भंगार टायटल साँग कुठलं यावर भांडत बसलो. काडी टाकली भाच्याने. परीक्षा संपवून आठ दिवस राहायला आलाय, पाऊस असल्यामुळे बाहेर जाता येत नाही, तर त्याने १९६२ पासून २०२१ पर्यंतच्या पंचवीसच्या पंचवीस पिक्चरचं म्युझिक ब्लूटूथ स्पीकरवर ओळीने लावलं आणि म्हणाला, मामा, बेस्ट कुठलं ते नको, ते बोअर आहे, वर्स्ट सांगा.

बरोबरच आहे त्याचं. बेस्टवर भांडण होतच नाही. शर्ली बॅसीचं गोल्डफिंगर सुरू झालं की सगळे माना डोलावतात, विषय संपला. वर्स्टवर मात्र प्रत्येकाचं काहीतरी जुनं दुखणं असतं.

दादाने विचार करायला एक सेकंदही घेतला नाही, मॅडोना, २००२, डाय अनदर डे. त्याचं म्हणणं की बॉन्डच्या गाण्यात ट्रम्पेट पाहिजे, व्हायोलिन पाहिजे, बाईने पोटातून आवाज काढला पाहिजे, आणि ही काय तर कॉम्प्युटरमध्ये घातलेल्या आवाजात अडखळत गाते आणि मधेच सिग्मंड फ्रॉइडला हाक मारते. ह्या गाण्याची गंमत अशी की ते त्याच वर्षीच्या गोल्डन ग्लोबच्या नॉमिनेशनमध्येही होतं आणि वाईट गाण्याला देतात त्या रॅझीच्याही. म्हणजे आमच्या हॉलमध्ये जे झालं ते तिकडेही झालंच होतं.

भाच्याचं मत सॅम स्मिथ, २०१५, स्पेक्टर. मामा, हे रडतंय का गातंय? त्या गाण्याला ऑस्कर मिळालंय, आणि इंग्लंडच्या चार्टवर एक नंबरला गेलेलं ते पहिलं बॉन्ड गाणं, हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला म्हणूनच. वर त्यानेच हेही ऐकवलं की ते वीसेक मिनिटांत लिहिलं होतं आणि डेमोसाठी म्हटलेला आवाजच फायनलला ठेवला, आणि रेडिओहेड बँडचं गाणं नाकारून हे घेतलं, जे त्यांनी नंतर ख्रिसमसला असंच फुकट टाकून दिलं. रेडिओहेडचं मीही ऐकलंय आणि ते चांगलंच आहे, पण त्या गाण्यावर टायटल्समधली चित्रं हलली असती का माहीत नाही, ऐकताना झोप लागते.

बायको भजी तळता तळता ऐकत होती. तिला बॉन्डचं काही पडलेलं नाही, पण मुद्दा तिनेच काढला. म्हणाली गाणाऱ्यांना का शिव्या घालताय, पिक्चरचं नाव गाण्यात कोंबायला सांगितलं की असंच होणार, आपल्या सिरियलची शीर्षकगीतं बघा, शेवटच्या ओळीत ते नाव आणायचं म्हणून बिचारा गीतकार कुठून कुठे फिरून येतो. मी गप्पच झालो, कारण थंडरबॉलच्या वेळी अक्षरशः हेच झालं होतं. आधी वेगळं गाणं तयार होतं, बॅसीकडून गाऊन घेतलं, मग डिऑन वॉर्विककडूनही, आणि शेवटी पिक्चरचं नाव गाण्यात नाही म्हणून बाजूला ठेवलं. मग संगीतकार जॉन बॅरी आणि गीतकार डॉन ब्लॅकने घाईघाईत थंडरबॉल लिहिलं. आता थंडरबॉल म्हणजे नेमकं काय हे गाणं संपेपर्यंत कळत नाही, पण टॉम जोन्सने शेवटचा सूर एवढा ताणला की त्याला गरगरायला लागलं, आणि ऐकणाऱ्यालाही अर्थ विचारायची शुद्ध राहत नाही. मूनरेकरचंही तेच, बॅसी असूनही. १९८३ ला गीतकार टिम राइस शहाणा निघाला, त्याच्या वाट्याला ऑक्टोपसी आलं होतं, त्याने ते नाव गाण्यात आणलंच नाही. सरळ प्रेमगीत लिहून मोकळा.

ह्या हिशोबाने सगळ्यात वाईट कुठलं तर लुलूचं, १९७४, द मॅन विथ द गोल्डन गन. सोन्याची बंदूक, नेम चुकत नाही, एका गोळीचे दहा लाख, गाणं आहे का त्या माणसाचं रेटकार्ड, आणि त्यात एवढे द्वयर्थी शब्द की भाच्यासमोर अर्थ सांगायची सोय नाही (त्याला माझ्याआधी कळला होता, ते तोंडावरूनच दिसलं). खुद्द जॉन बॅरीलाही आपल्या बॉन्डच्या कामात हे सगळ्यात नावडतं होतं. आणि ॲलिस कूपरनेही ह्याच नावाचं गाणं केलेलं, त्याच्या १९७३ च्या अल्बमवर आहे, ते लावलं तर दादा म्हणाला हे घ्यायला काय झालं होतं. बायकोचं मत लुलूला, माझंही लुलूला. दोन, एक, एक.

पण माझं मत किती धरायचं हा प्रश्न आहे, कारण मी ही गाणी लहानपणी ऐकलेलीच नाहीत. बॉन्ड आम्ही बघायचो तो गणपतीत व्हीसीआर भाड्याने आणून, आणि बाबा व्हीसीआरच्या शेजारी स्टूल टाकून बसायचे. सुरुवातीची मारामारी झाली, बॉन्ड वाचला, की लगेच बाबांचा अंगठा फॉरवर्डच्या बटणावर. कारण टायटल्समध्ये, ती बनवणाऱ्या मॉरिस बाइंडरच्या, त्या बायकांच्या सावल्या पोहायच्या आणि पिस्तुलावरून घरंगळायच्या. तर स्क्रीनवर पांढरे पट्टे, माणसं तुरुतुरु, आवाज बंद, आणि एकदम पुढचा सीन. माझ्या कितीतरी वर्षं डोक्यात होतं की बॉन्डच्या पिक्चरमध्ये तिथे टेप खराबच असते. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, त्याने थिएटरला जाऊन बघितलेले, त्यामुळे त्याच्या डोक्यात गाणं आणि चित्र एकत्र आहे. मी ही गाणी पुढे कॉलेजात कॅसेटवर नुसती ऐकली. भाचा तर ती फोनवर, अर्धी ऐकून पुढे ढकलतो.

म्हणून जेवणाआधी मी हट्टाने टीव्हीवर मॅडोनाचं टायटल लावलं. आणि खरं सांगतो, माझं मत हललं. तिथे बॉन्ड उत्तर कोरियाच्या तुरुंगात आहे, त्याला पाण्यात बुचकळतायत, विंचू सोडतायत, टायटल चालू असताना मार खाणारा बॉन्ड तोपर्यंत कुठे दाखवलाच नव्हता, आणि त्या चित्रावर ते तुटक, कापलेलं म्युझिक बसतं हो. नुसतं ऐकलं तर मिक्सर बिघडल्यासारखं वाटतं, पण चित्राबरोबर नाही. लुलूचं दोन्हीकडून वाईट. दादा म्हणाला तू आता मुद्दाम उलटं बोलतोयस. मग तो क्वांटम ऑफ सोलेसच्या जॅक व्हाइट आणि अलिशिया कीजवर घसरला, बॉन्डमधलं पहिलं ड्युएट आणि दोघं जणू दोन वेगळ्या खोल्यांत बसून गातायत, त्यावर कोणी वादच घातला नाही. आणि टुमॉरो नेव्हर डाइजला के. डी. लँगचं चांगलं गाणं शेवटच्या नावांवर ढकलून सुरुवातीला शेरिल क्रो घेतली हा अन्याय मीच काढला, पण तोपर्यंत पानं वाढली होती.

ह्या सगळ्यात बाबा कोपऱ्यात पेपर घेऊन. टीव्हीवर बर्फाच्या आणि आगीच्या बायका नाचायला लागल्या तशी पेपरच्या मागून आवाज आला, "पुढे घ्या रे ते." दादा त्रेपन्न वर्षांचा, पण त्याने रिमोट उचलला! आम्ही दोघं एकमेकांकडे बघून इतके हसलो की भाच्याला काही कळेना.

त्याने विचारलं, आजोबा, तुमच्या मते वर्स्ट कुठलं? बाबा म्हणाले, "पहिल्या पिक्चरला टायटल साँगच नव्हतं, सुरुवातीला नुसती ट्यून. तेच बरं होतं."

आता त्या ट्यूनचीही गोष्ट आहे. संगीतकार माँटी नॉर्मनने ती मुळात व्ही. एस. नायपॉल यांच्या कादंबरीवरच्या संगीत नाटकासाठी केली होती, त्रिनिदादमधल्या भारतीय घरातली गोष्ट, आणि गाणं होतं अपशकुनी शिंकेवर. आमच्याकडे अजून कोणी निघताना शिंकलं की त्याला बसवून पाणी देतात. जॉन बॅरीने तिला गिटार लावली आणि शिंकेचा बॉन्ड झाला. पुढे ऑक्टोपसीत विजय अमृतराज गारुडी होऊन उदयपूरच्या घाटावर तीच ट्यून पुंगीवर वाजवतो. हे मी बाबांना सांगितलं, त्यांना आवडलं, दोनदा विचारलं कोण अमृतराज, टेनिसवाला का.

त्या पहिल्या पिक्चरच्या, डॉ. नोच्या, टायटललाही नाचणाऱ्या बायकांच्या सावल्या आहेत, रंगीत. ते मी सांगितलं नाही.