उघडी जीप आणि डोक्यावरचं हेल्मेट : माझा अनुभव

जीप चालवताना हेल्मेट घालायची सक्ती नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 दुचाकीवाल्यांसाठी आहे; चारचाकीत डोक्याचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं. तरी मी घालतो. चोपड्याच्या चौकात गाडी थांबली की शेजारचा रिक्षावाला हमखास विचारतो, "भो, जीप चालाडस का इमान?" म्हणजे जीप चालवतोस की विमान?

गाडी महिंद्राची, सीजे-थ्री-बी, 1968 सालची. लष्कराच्या लिलावातून निघालेली आणि मधल्या मालकांकडून माझ्याकडे आलेली. आमच्या जळगाव जिल्ह्यात भुसावळ आणि वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत, त्यामुळे मिलिटरीच्या हिरव्या रंगाचं कुणाला फारसं नवल नाही. नवल वाटतं ते हेल्मेटचं.

कागदांचं थोडक्यात सांगतो. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणी निघाली आहे. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण तो नंबर घेतला की गाडी फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती यांसाठीच बाहेर काढता येते. मला तर केळीच्या मळ्यात जायचं होतं. म्हणून नेहमीचं पाच वर्षांचं नूतनीकरण घेतलं, पर्यावरण कर भरला, खेटे घालायचे ते घातले.

डोक्याचा विचार सुरू झाला तो गाडी रस्त्यावर आल्यावर. दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास, पुढच्या-मागच्या चाकांत जेमतेम दोन मीटर, बोनेट उंच. बेल्ट नाही, छत म्हणजे ताडपत्री, आणि पुढची काच अख्ख्या फ्रेमसकट बोनेटवर आडवी होते. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, पायाचा जोर वाढवून देणारा बूस्टर नाही. पाटाच्या कडेने जाताना एक चाक बांधावर चढलं की आपण सीटवरून किती सहज घसरतो ते लगेच कळतं. पायाखालचा लोखंडी पत्रा, समोर काचेची फ्रेम, बाजूला दार नाहीच. ताशी तीसच्या वेगातसुद्धा डोकं आपटायला भरपूर जागा आहेत.

आमच्या गल्लीतल्या निवृत्त सुभेदार काकांनी स्वतःहून आपला जुना लोखंडी टोप आणून दिला. "जीपला हाच शोभतो," म्हणाले. शोभतो खरा. पण तो टोप आभाळातून येणाऱ्या तोफगोळ्यांच्या कपच्या अडवायला केलेला. आत पट्ट्यांची जाळी, त्यावर पोलादी कवच. आपटल्यावर धक्का पिऊन टाकणारं काहीच नाही. मोटरसायकलच्या हेल्मेटमध्ये कवचाखाली जाड थर्माकोल असतो, तो चेपतो म्हणून मेंदूला बसणारा धक्का कमी होतो. काकांना हे सांगायचं म्हणजे जरा अवघडच. मग त्यांना फौजेचीच गोष्ट सांगितली. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून ओळखला जाणारा, पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्स 1935 मध्ये मोटरसायकलवरून पडला आणि डोक्याच्या मारानेच गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. केर्न्सनी पुढे लष्करातल्या निरोप नेणाऱ्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, 1941 मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश फौजेने कामावरच्या स्वारांना क्रॅश हेल्मेट सक्तीचं केलं. म्हणजे पोलादी टोप हाताशी असतानाही त्यांना वेगळी वस्तू लागली. काका थोडा वेळ गप्प बसले आणि टोप परत घेऊन गेले. आता तो त्यांच्या दिवाणखान्यात आहे.

मग मी धाकट्या भावाचं फुल फेस हेल्मेट घालून पाहिलं. जुनी जीप कानाने चालवावी लागते. पहिला गिअर सिंक्रो नसलेला, म्हणजे दात्यांचा वेग आपोआप जुळवणारी सोय त्याला नाही; तो टाकताना इंजिनाचा आवाज ऐकूनच पाय सोडायचा असतो. कान झाकले की गिअरचे दाते कराकरा बोलतात. शिवाय तिठ्यावर बाजूचं बघायला मान जास्त वळवावी लागते. वैशाखात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा त्या हेल्मेटमध्ये हनुवटीखाली घामाची धार लागते. शेवटी आयएसआय मार्कचं ओपन फेस घेतलं आणि धुळीसाठी गॉगल. आत पातळ सुती रुमाल बांधतो, तो पेट्रोलपंपावर थांबलो की ओला करून घेतो.

कुणी सांगत नाही अशी एक अडचण म्हणजे उंचीची. माझ्या गाडीत पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, त्यामुळे सीट खाली घेता येत नाही. हेल्मेटने डोकं दोन-तीन बोटं वर जातं आणि ताडपत्रीच्या सळईला टणकन लागतं.  मिस्त्रीने सीटचा फोम अर्धा कापून दिला तेव्हा कुठे जमलं. आणि हो, हेल्मेट जेरीकॅनवर ठेवायचं नाही. पेट्रोलचा थेंब पडला की आतला थर्माकोल विरघळतो.

संक्रांतीला मात्र हेल्मेटचा काही उपयोग नाही, कारण मांजा डोक्याला लागत नाही, गळ्याला लागतो. दुसऱ्या महायुद्धात रस्त्यावर आडव्या ताणलेल्या तारांसाठी जिपांच्या पुढच्या बंपरवर उभा लोखंडी अँगल जोडत, ती तार अँगलवर तुटायची. मलाही मोह झाला होता. पण बाजारपेठेत माणसांच्या गर्दीत असा खांब पुढे घेऊन फिरणं मला पटलं नाही. त्या महिन्यात मी काच उभीच ठेवतो, उपरणं गळ्याला दोन वेढे.

शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढलो तेव्हा खरी परीक्षा झाली. चढताना काही नाही, उतरताना प्रत्येक वळणावर अंग बाहेर फेकलं जात होतं, आणि शेजारी बसलेल्या मावसभावाचं हेल्मेट काचेच्या फ्रेमच्या कोपऱ्यावर नीट आपटलं. कवचावर ओरखडा, बाकी माणूस शाबूत, पुढे दिवसभर बडबडत होता. ते हेल्मेट बाद केलं. आतला थर्माकोल एकदा चेपला की वरून कितीही चांगलं दिसलं तरी गेलंच.

पण गाडी उलटली तर हेल्मेट अंगावर पडणाऱ्या टनभर लोखंडाला थांबवणार नाही. अमेरिकन फौजेची एम-151 जीप वळणावर उलटायची म्हणून इतकी बदनाम झाली की काढून टाकलेल्या गाड्या लोकांना विकण्याऐवजी त्या कापायला लागले, आणि वापरातल्या गाड्यांना नंतर रोल बार, म्हणजे उलटल्यावर माणसाला चेंगरू न देणारी डोक्यावरची लोखंडी कमान, बसवले. बेल्ट आणि रोल बार जोडीनेच बसवायला हवेत. नुसता बेल्ट लावून उघडी जीप उलटली तर आपण सीटला बांधलेले राहतो आणि गाडी वर. नुसता बार असेल तर आपण बाहेर. आणि बार बसला की डोक्याजवळ आणखी एक पाइप आला, म्हणजे हेल्मेट तेव्हा जास्तच लागणार.

गाडीतल्या अशा बदलाला आरटीओची मंजुरी लागते, तो अर्ज दिला आहे. मिस्त्री म्हणतो रोल बारचे पाय पत्र्यावर वेल्ड करून टाकू. मी म्हणतो खाली जाड प्लेट घालून बोल्ट थेट चेसिसपर्यंत न्यायचे. पोळ्याआधी हा वाद मिटला तर काम होईल.