झीलंडचं वारं आणि अण्णांची सायकल

नेदरलँड्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात झीलंड नावाचा प्रांत आहे. बेटं, द्वीपकल्पं आणि त्यांना एकमेकांशी जोडणारे बांध-पूल, असा सगळा मुलूख. डोंगर औषधालाही नाही. नकाशा बघताना वाटतं, सायकलवाल्यांसाठी यापेक्षा सोपं काय असणार! माझा भाचा रॉटरडॅमला नोकरी करतो. त्यानं निघण्याआधीच बजावलं होतं, "मावशी, इथे चढ नसतो, वारा असतो. चढ निदान संपतो तरी."

ताई आणि मी, दोघी पन्नाशी ओलांडलेल्या. मिडेलबर्गला सायकली भाड्यानं घेतल्या. ताठ बसायच्या, काळ्या, साखळीवर पूर्ण कव्हर असलेल्या, आपल्याकडच्या जुन्या लेडीज सायकलींच्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा. फरक इतकाच की यांना सात गिअर होते. मागच्या पिशव्यांत कपडे, रेनकोट आणि ताईनं पुण्याहून आणलेले दशम्या नि भडंग.

इथे रस्ता शोधायला फोन लागत नाही. सायकल-रस्त्यांच्या प्रत्येक फाट्यावर नंबराचा खांब असतो आणि पुढच्या फाट्यांचे नंबर बाणांनी दाखवलेले असतात. सकाळी नंबर कागदावर लिहून हँडलला चिकटवले की दिवसाची काळजी मिटली. ही कल्पना मूळची शेजारच्या बेल्जियममधल्या एका खाण-अभियंत्याची. जमिनीखालच्या बोगद्यांत वाट कळावी म्हणून फाट्यांना नंबर देत, तेच त्यानं 1990 च्या दशकात सायकल-रस्त्यांवर आणलं. मला ही पद्धत इतकी आवडली की ताईनं कंटाळून कागद माझ्याकडेच देऊन टाकला.

फेरे हे बंदराचं जुनं गाव, डोम्बर्गची पुळण, दालचिनीत घोळवलेला चिकट गोड बोलस, हे सगळं छान होतं. पण मला सांगायचंय ते ओस्टरस्खेल्डे नावाच्या खाडीवरच्या बांधाबद्दल.

समुद्राच्या तोंडावर बांधलेला हा अडसर नऊ किलोमीटर लांब आहे. त्यात 62 पोलादी दरवाजे आहेत. एरवी ते उघडे असतात, भरती-ओहोटी आतबाहेर चालू राहते. पाणी धोक्याच्या वर चढणार असा अंदाज आला की दरवाजे खाली येतात. आधी या खाडीचं तोंड कायमचं बंद करायचं ठरलं होतं. पण मग शिंपल्यांचा नि कालवांचा धंदा बुडाला असता, खाऱ्या पाण्यातलं जीवन संपलं असतं. कोळी आणि निसर्गप्रेमी अडून बसले, आणि सरकारनं बेत बदलून हे उघडझाप करणारे दरवाजे बांधले. 1986 साली राणी बेआट्रिक्स यांच्या हस्ते उद्घाटन झालं. लोकांनी हट्ट धरला आणि अभियंत्यांनी तो ऐकला, याचं मला खाली वळणारं पाणी बघताना फार कौतुक वाटत होतं.

या बांधावर समोरच्या वाऱ्याविरुद्ध सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धा होते. वादळाचा अंदाज आला की दोन-तीन दिवस आधी तारीख जाहीर करतात, आणि सगळ्यांना सारख्याच, बिनगिअरच्या सायकली देतात. आमच्या वाट्याला वादळ नव्हतं, पण वारं उत्तरेचं होतं आणि आम्हाला उत्तरेलाच जायचं होतं. पहिल्या गिअरमध्येही पायडल जड झालं. डोळ्यांतून पाणी, कानांत नुसती घूं घूं. ताई पुढे होती, मी तिच्या आडोशाला.

तेवढ्यात एक कुटुंब आमच्या शेजारून पुढे गेलं. आई, वडील, सात-आठ वर्षांची मुलगी, तिघंही आपापल्या सायकलवर. मुलगी दमली होती. वडिलांनी एका हातानं हँडल धरलं होतं आणि दुसरा हात मुलीच्या पाठीवर ठेवून ते तिला रेटत होते. कुणी काही बोलत नव्हतं. नेदरलँड्समध्ये हे दृश्य रोजचंच असतं, माणसांपेक्षा सायकली जास्त असलेला देश आहे हा. पण ताईनं ब्रेक दाबला, पाय टेकला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अण्णा."

ऐंशीच्या दशकातली सांगली. अण्णांची बावीस इंची काळी हर्क्युलस. पुढच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून मी, मागच्या कॅरियरवर ताई. "पाय चाकात घालू नकोस" हे वाक्य निघण्याआधी दोघींना स्वतंत्रपणे ऐकवलं जायचं. श्रावणी सोमवारी हरिपूरला जायचं, कृष्णा-वारणेच्या संगमावर, संगमेश्वराच्या दर्शनाला. सांगलीतून हरिपूरला जाणारा रस्ता जुन्या चिंचांच्या सावलीचा. आम्ही चौघं आणि सायकल एक. मग अण्णांनी रीत बसवली होती. आई घरातून चालायला लागायची. अण्णा आम्हाला घेऊन पुढे जायचे, हरिपूरच्या वेशीशी ओळखीच्या फुलवाल्या बाईंपाशी सोडायचे, ताईला "हिचा हात सोडू नको" सांगायचे आणि सायकल वळवून आईला आणायला जायचे.

बांधाच्या मधोमध नील्त्ये यान्स नावाचं बेट आहे. मूळचं बांधकामासाठी तयार केलेलं. तिथे आडोसा बघून आम्ही भडंग काढलं आणि बोलत बसलो. तेव्हा लक्षात आलं की सायकल एकच होती, पण आमच्या आठवणी दोन दिशांच्या आहेत. माझे अण्णा म्हणजे दोन बाजूंना दोन हात, डोक्यावर श्वास आणि समोर मोकळा रस्ता. ताईचे अण्णा म्हणजे पाठ. घामानं चिकटलेला पांढरा सदरा, त्यावरचा बनियनचा आकार. तिला रस्ता दिसायचाच नाही.

"वारं असलं की ते सीटवरून उठायचे," मी म्हटलं. "मग माझी पाठ उघडी पडायची, गार लागायचं. ते कधी खाली बसतायत असं व्हायचं."

"आणि मला तेव्हाच पुढचं दिसायचं," ताई म्हणाली. "मी वाट बघायची ते कधी उठतात याची. मला वाटायचं, मला दिसावं म्हणूनच उठतात."

अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल आम्ही दोघी असंख्य वेळा बोललो आहोत, पण ही गोष्ट इतक्या वर्षांत निघाली नव्हती. ती निघायला तसलंच वारं तोंडावर यावं लागलं असेल. उरलेला बांध आम्ही आळीपाळीनं पुढे राहून काढला. पुढे असलं की मला मागच्या माणसाची जबाबदारी पायांत जाणवत होती.

रात्री झीरिकझेला मुक्काम. दुसऱ्या सकाळी औवरकेर्क. 31 जानेवारी 1953 च्या रात्री मोठी भरती आणि वायव्येचं वादळ एकाच वेळी आलं, बांध फुटले, आणि देशात 1836 माणसं गेली. शेवटचं भगदाड औवरकेर्कला नोव्हेंबरात बुजवलं, त्यासाठी काँक्रीटचे चार अजस्र पेटारे पाण्यात बसवले. आज त्या चार पेटाऱ्यांच्या पोटातच महापुराचं संग्रहालय आहे. ओळीनं मांडलेल्या घरगुती वस्तू मला फार वेळ बघवल्या नाहीत. 2019 साली सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा आईला आम्ही आमच्या जुन्या घरातून काढलं होतं. हरिपूरची हळदीची पेवं, जमिनीखालची ती कोरडी कोठारं, त्याआधीच्या 2005 च्या पुरात पाण्याखाली गेली होती. पूर ओसरल्यावर घरात येणारा चिखलाचा वास कुठल्याही देशात सारखाच असणार.

परत येताना झीलंड पूल. 1965 साली बांधलेला, पाच किलोमीटर लांब, सायकलींना वेगळी पट्टी. आज वारं पाठीशी होतं. ताई सीटवर मागे रेलून लहान मुलीसारखी ओरडत होती आणि मी तिला थांबवलं नाही.

पुलाच्या टोकाशी कोलाइन्सप्लाट हे गाव आहे. तिथल्या बंदरावर चहा घेतला आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. इकडे दुपारचे तीन, तिकडे साडेसहा, देवापाशी दिवा लावून ती बसली होती. ताईनं तिला सगळं सांगितलं, बांध, वारा, ती मुलगी, हरिपूर. शेवटी म्हणाली, "आई, आम्ही दोघी सायकलवर मजेत, आणि तू बिचारी उन्हातान्हात चालायचीस."

"बिचारी कशाची?" आई म्हणाली. "तेवढाच अर्धा तास माझा असायचा. ना सासूबाई, ना चूल, ना तुम्ही. चिंचेखालून एकटी चालायची मी. तुझे अण्णा लांबून घंटी वाजवत यायला लागले की वाटायचं, आले का इतक्यात!"

"मग त्यांना कधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. पुढच्या सोमवारपासून ते वेशीवर आधी चहा पिऊन मग यायला लागले."