निघायचं कुणी?

2024 च्या ऑक्टोबरात मी मुलीकडे कॅलिफोर्नियात होतो. जेवणं उरकली तरी नातू टीव्हीसमोरून हलेना. वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेची, पहिली मॅच चालू होती, लॉस एंजेलिसचे डॉजर्स विरुद्ध न्यूयॉर्कचे यांकीज. लहानपणी गल्लीत विटीदांडू खेळलेल्या माणसाला बेसबॉल जेवढा कळावा तेवढाच मला कळतो, म्हणून मीही बसलो.

दहावी इनिंग. डॉजर्स एका धावेनं मागे, दोन गडी बाद; तिसरा गेला की डाव संपतो. यांकीजनी मूकी बेट्सला मुद्दाम फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या पहिल्या टप्प्यावर, जाऊ दिलं. याला ‘वॉक’ म्हणतात, हे नातवानं मला आदल्याच दिवशी शिकवलं होतं. तिन्ही बेस भरले आणि घोटा दुखावलेला फ्रेडी फ्रीमन आला. पहिलाच चेंडू त्यानं थेट प्रेक्षकांत धाडला. एका फटक्यात चार धावा, 6-3, खेळ खलास. नातू सोफ्यावर चढून ओरडला, “आजोबा, वॉक-ऑफ!”

पडद्यावर एकूण एक माणूस धावत होता. डगआउटमधले खेळाडू मैदानात घुसले होते, आणि बेसची फेरी संपवून फ्रीमनही पळत जाळीपलीकडे बसलेल्या वडिलांकडे गेला.

“अरे, पण यात चालतंय कोण?”

“तसंच म्हणतात,” नातू म्हणाला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला. मला मात्र झोप येईना. शब्दाचा अर्थ लागला नाही की माझं असं होतं. डाळीत खडा लागल्यासारखं.

चालतो तो हरलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. बेसबॉलमध्ये यजमान संघ प्रत्येक इनिंगमध्ये पाहुण्यांनंतर फलंदाजीला येतो. त्यामुळे नवव्या, म्हणजे एरवीच्या शेवटच्या, किंवा त्यापुढच्या इनिंगमध्ये त्यानं आघाडी घेतली की सामना तिथंच मिटतो. पाहुण्यांना परत डाव नाही, पिचरला पुढचा चेंडू नाही. त्यानं मातीच्या उंचवट्यावरून उतरायचं आणि चालू लागायचं. हा शब्द डेनिस एकर्सलीचा मानतात. तो ओकलंड अथलेटिक्सचा पिचर होता, आणि मैदानावरच्या गोष्टींना स्वतःची नावं पाडायची त्याला खोड होती. असल्या फटक्याला तो ‘वॉक-ऑफ पीस’ म्हणायचा. 1988 च्या जुलैत हा शब्द छापून आला.

पुढे काय झालं ते एखाद्या कथालेखकानं लिहिलं असतं तर संपादकानं साभार परत पाठवलं असतं. त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला, याच डॉजर्सच्या मैदानावर, वर्ल्ड सिरीजच्या पहिल्याच मॅचमध्ये एकर्सली नवव्या इनिंगला सामना मिटवायला आला. 4-3 ची आघाडी, दोन गडी बाद, डॉजर्सचा एक गडी बेसवर. डॉजर्सनी कर्क गिब्सनला पाठवलं. त्याचे दोन्ही पाय दुखावलेले होते, इतके की सामन्याआधी खेळाडूंची ओळख करून देतात त्यालाही तो बाहेर आला नव्हता. काउंट, म्हणजे पिचरच्या चुकलेल्या आणि फलंदाजाच्या हुकलेल्या चेंडूंचा हिशेब, 3-2 पर्यंत गेला. एकर्सलीनं बाहेरून आत येणारा स्लायडर टाकला आणि गिब्सननं जवळजवळ नुसत्या हातांच्या जोरावर तो उजवीकडच्या प्रेक्षकांत पोचवला. मग मूठ हवेत हाणत, लंगडत लंगडत त्यानं फेरी पूर्ण केली. त्या फटक्याच्या चित्रफितीत मागे पार्किंगमधल्या गाड्यांचे लाल दिवे दिसतात. ही लवकर निघालेली मंडळी! मंगलाष्टकं संपायच्या आत चपला शोधायला लागणारे लोक तिकडेही असतात, हे पाहून बरं वाटलं.

एकर्सली स्वतःच पाडलेल्या नावाबरहुकूम चालत गेला. नंतर कपडे बदलायच्या खोलीत बसून त्यानं पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरंही दिली.

शब्द मात्र त्याच्या हातातून कधीच निसटला. आता तो जिंकणाऱ्यांचा झाला आहे. वॉक-ऑफ होमरन (थेट प्रेक्षकांत गेलेला फटका), वॉक-ऑफ सिंगल, आणि बेस भरलेले असताना पिचरनंच फुकटात धाव बहाल केली तर चक्क ‘वॉक-ऑफ वॉक’! 2010 मध्ये एंजल्स संघाच्या केंड्रिस मोरालेसनं असा होमरन मारला, आनंदानं होम प्लेटवर, जिथे फेरी संपते तिथे, उडी घेतली आणि पाय मोडून घेतला. त्याला चालत जाणं जमलंच नाही.

जपानी लोक याला ‘सायोनारा होमरन’ म्हणतात. सायोनारा म्हणजे निरोप हे आपल्यालाही ठाऊक असतं. पण त्याचा मूळ अर्थ ‘असं असेल तर…’ एवढाच आहे. वाक्य अर्धंच सोडून द्यायचं. 25 जून 1959 ला तोक्योच्या कोराकुएन मैदानात सम्राट हिरोहितो सामना पाहायला आले होते. 4-4 अशी बरोबरी असताना शिगेओ नागाशिमानं मिनोरु मुरायामाच्या चेंडूवर सायोनारा होमरन मारला. तो फटका फाउल, म्हणजे हद्दीच्या रेषेबाहेर, होता, हे मुरायामा पुढेही वर्षानुवर्षं सांगत राहिला. असं असेल तर... पण त्याच्या मते मुळात तसं नव्हतंच.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये या प्रसंगाला नाव नाही. माझ्या पिढीला नुसतं ‘शारजा’ म्हटलं तरी पुरतं. 18 एप्रिल 1986, शेवटचा चेंडू, चार धावा हव्यात, चेतन शर्माचा फुलटॉस आणि मियाँदादचा षटकार. त्या रात्री आमच्या चाळीत कुणी कुणाशी बोललं नाही. मियाँदाद धावत कुठे गेला ते आठवतं. चेतन शर्मा मैदानाबाहेर कसा गेला असेल, हा विचार मात्र माझ्या डोक्यात अडतीस वर्षांनी, एका परक्या खेळातल्या परक्या शब्दामुळे आला.

मराठीत निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. लहानपणी चुकून म्हटलं की आजी दारातून मागे बोलावून ‘येतो’ म्हणायला लावायची. एकर्सलीला मराठी येत नव्हतं, तरी तो तसाच गेला असावा. पुढच्याच वर्षी अथलेटिक्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा शेवटचा गडी बाद करणारा चेंडू पहिल्या बेसवर धावत जाऊन त्यानंच झेलला.

आणि चेतन शर्मा आला तो नागपुरात. 31 ऑक्टोबर 1987, विश्वचषक, समोर न्यूझीलंड. त्या दिवसाचं नाव काढलं की लोक गावसकरच्या एकदिवसीय सामन्यांतल्या एकुलत्या एका शतकाबद्दल बोलतात, आणि बोलावंच. पण त्याआधी चेतन शर्मानं विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली होती. रदरफर्ड, स्मिथ, चॅटफील्ड. तिघेही त्रिफळाचीत. या वेळी त्यानं चेंडू बॅटला लागूच दिला नाही.