न उडालेल्या विमानांची फर्म : आमची वाटचाल

वेंगुर्ल्यात आमचा कारखाना आहे म्हटलं की लोक काजूचा समजतात. जागा जुन्या काजू कारखान्याचीच आहे, भाड्याने घेतलेली. आत मात्र विमानांचे किट बनतात. रेझिनमध्ये ओतलेले सुटे भाग, डिकलचा, म्हणजे विमानावर चिकटवायच्या चिन्हांचा कागद आणि जोडणीचं पत्रक, सगळं एका खोक्यात. गिऱ्हाईक ते घरी नेऊन घासतं, चिकटवतं, रंगवतं. यादीत स्पिटफायर नाही, मिग-२१ नाही, राफेल तर नाहीच. आमची बहुतेक विमानं कधी बनलीच नाहीत, नाहीतर एखाद-दुसरं बनून विषय संपला.

मागच्या आळीतल्या एक काकी भाग मोजून पिशव्या भरायला येतात. नवीन होत्या तेव्हा एक तयार मॉडेल हातात धरून म्हणाल्या, "ह्यां इमान खंय उडतां?"

"उडूक नाय काकी. कागदावरच रवलां."

"मगे तां करतंस कित्याक?"

त्याचं अर्धं उत्तर हिशेबाचं आहे. मी आधी भोसरीला एका टूलरूममध्ये होतो, प्लास्टिक मोल्डिंगच्या डाय करायचो. दुकानात मिळणारा प्लास्टिकचा किट अशाच स्टीलच्या डायमधून निघतो. एका विमानाच्या डायला काही लाख सहज लागतात आणि हजारोंनी खोकी खपली तरच ते वसूल होतात. रेझिनचं गणित उलटं. मास्टरवर, म्हणजे मूळ नमुन्यावर, सिलिकॉन ओतायचं, साचा तयार. तो पंचवीस-तीस वेळा ओतला की कडा खायला लागतो, बारीक जागी फाटतो, मग नवा साचा. पैसा कमी अडकतो, पण मालही शेकड्यातच निघतो. म्हणजे आम्हाला विमान असं हवं, की जे जगभरात मोजक्याच वेड्यांना हवंय आणि त्यांना दुसरीकडे कुठेच मिळत नाही. स्पिटफायर करायला गेलो तर मोठ्या कंपन्यांच्या किमतीपुढे आमचं रेझिनही सुटणार नाही.

मग रद्द झालेली विमानं घ्यावीत असं सगळेच सुचवतात, आणि सगळे तीच दोन नावं घेतात. ब्रिटनचं टीएसआर-२ आणि कॅनडाचं ॲरो. टीएसआर-२ पैकी एकच विमान उडालं, २७ सप्टेंबर १९६४ ला पहिल्यांदा. पुढच्या ६ एप्रिलला प्रकल्पच बंद. ॲरोची पाच विमानं उडाली होती. २० फेब्रुवारी १९५९ ला सरकारने काम थांबवलं आणि मग ती पाचही तोडून टाकली. गोष्टी जबरदस्त आहेत, अडचण तीच आहे. गोष्ट इतकी गाजली की मोठी कंपनी त्यात उतरते. एअरफिक्स या मोठ्या किट कंपनीने २००६ मध्ये १:७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं, टीएसआर-२ काढलं. तेच विमान रेझिनमध्ये करून ठेवलेल्या छोट्या माणसाने मग काय करायचं? ज्याच्यावर माहितीपट निघाला ते विमान घ्यायचं नाही, हा आमचा पहिला नियम.

मापाचीही चाळणी लागते. बोइंगचं २७०७ हे आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमान १९७१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने पैसे तोडल्यावर लाकडी मॉक-अपवरच, म्हणजे पूर्ण आकाराच्या नुसत्या नमुन्यावरच थांबलं. मला ते फार आवडतं. पण १:७२ मध्ये ते मीटरभराच्या पुढे जातं. एवढा साचा कोण ओतणार आणि एवढं खोकं कुरियरवाला कसं नेणार? आपलं मरुत हे लढाऊ विमान १५.८७ मीटर लांब, म्हणजे मॉडेल बावीस सेंटिमीटर. असं विमान शोकेसमध्ये मावतं आणि बायकोची परवानगीही मिळते.

सगळ्यात कडक चाळणी आराखड्याची. वरून, समोरून, बाजूने अशी तीन चित्रं कुठल्याही जुन्या मासिकात सापडतात. छेद सापडत नाहीत. धडाचा छेद नसेल तर पोट गोल की चपटं, पंख बुंध्याशी किती जाड, हे सगळं आपल्या मनाने ठरवावं लागतं. थोडंफार ठरवावं लागतंच. पण निम्म्याहून जास्त ठरवावं लागलं तर ते विमान इंजिनिअरचं राहत नाही, माझं होतं. माझं विमान कोण विकत घेईल?

प्रदर्शनात स्टॉल लावला की प्रश्न हमखास येतो, तळपद्यांचं मरुत्सखा का नाही? १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, ही गोष्ट मराठी घराघरात माहीत आहे. पण गोष्टीपलीकडे हातात घ्यावं असं काही नाही. मापं नाहीत, फोटो नाही. लोक मोबाइलवर 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ग्रंथातली चित्रं दाखवतात. ती विसाव्या शतकात काढलेली आहेत, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये ती तपासून अशी यानं उडणं शक्य नाही असा निर्वाळा दिला. त्यावर एक काका म्हणाले, "तुम्ही तरी न उडालेलीच विकता ना?" बरोबर आहे. फरक असा की आमची विमानं कुणीतरी स्लाइडरूल घेऊन बसून काढली होती, आणि ती पैशाने, युद्धाने किंवा मंत्रिमंडळाने अडवली. मरुत्सखा हातोहात खपलं असतं हे मला माहीत आहे. तरी नाही केलं, करणार नाही.

खरी घडी बसली ती कुर्ट टांकच्या घराण्यामुळे. टांक हा फोकेवुल्फ कंपनीचा मुख्य डिझायनर. युद्धाच्या शेवटी त्याच्याकडच्या हान्स मुल्टहोपने टीए १८३ नावाचं जेट काढलं. मागे झुकलेले पंख, नाकात हवेचं तोंड, टी आकाराची शेपटी. १९४५ मध्ये जर्मनी पडली तेव्हा एकही पुरं झालं नव्हतं. टांक १९४७ मध्ये नाव बदलून अर्जेंटिनाला गेला. तिथे त्याच धर्तीवर पुल्की-२ बनलं आणि १९५० मध्ये उडालं. पाचच बनली. मग १९५६ मध्ये हा माणूस बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आला आणि आपलं एचएफ-२४ मरुत झालं. १७ जून १९६१ ला सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा उडवलं. शरीरयष्टी आवाजाच्या दुप्पट वेगाची, पण त्यासाठी हवं असलेलं ओर्फियस १२ इंजिन ब्रिटनमध्येच रद्द झालं आणि मरुतला साध्या ओर्फियस ७०३ च्या जोडीवर भागवावं लागलं. १४७ बनली, १९७१ मध्ये लोंगेवालाच्या आसपास लढलीसुद्धा.

हे तीन किट आम्ही एका मापात, एकाच तऱ्हेच्या खोक्यात काढले. परदेशातलं गिऱ्हाईक टीए १८३ साठी येतं आणि मरुत घेऊन जातं, आपल्याकडचं मरुतसाठी येतं आणि पुल्कीची चौकशी करतं. टीए १८३ च्या डिकलमध्ये नाझी चिन्ह आम्ही देत नाही. जर्मनीत माल पाठवायला अडचण होते हे एक, आणि जे विमान बनलंच नाही त्यावर ते लागलं होतं असं म्हणायची मला गरज वाटत नाही हे दुसरं.

या टीए १८३ ने घामही काढला. तीन चाकांवर उभं राहणारं विमान मॉडेलमध्ये नाकाकडे जड असावं लागतं, नाहीतर शेपटीवर बसतं. याची शेपटी उंच, वर भरीव रेझिन, आणि नाक तर पोकळ, कारण हवेचं तोंड तिथेच. वजन ठेवायचं कुठे? शेवटी मागचं धड पोकळ ओतलं आणि कॉकपिटच्या फरशीखाली, हवेच्या नळीच्या दोन्ही अंगांना, दोन खाचा ठेवल्या. त्यात बसणारं शिसं बंदरावरच्या जाळ्यांच्या दुकानातून आणतो. जाळ्याच्या पायदोराला लावतात तेच, हातोडीने चेपून. ते प्रत्येक खोक्यात देतो. एका गिऱ्हाइकाने कळवलं की असं उपयोगी सुटं साहित्य मोठ्या कंपन्यांच्या खोक्यातही मिळत नाही. दुकानदाराला वाचून दाखवलं, त्याने भाव वाढवला.

विकायला सगळ्यात सोपं निघालं लिपिश या जर्मन डिझायनरचं पी-१३ए. त्रिकोणी पंख, वैमानिक चक्क उभ्या शेपटीच्या बुडात बसणार, आणि रॅमजेट इंजिनात इंधन म्हणून कोळसा, कारण जर्मनीत तेल उरलं नव्हतं. त्याचं फक्त बिनइंजिनाचं ग्लायडर झालं, डीएम-१, ते अमेरिकेने नेऊन वाऱ्याच्या बोगद्यात तपासलं. भाग थोडे, चाकं नाहीतच. शाळकरी पोरांना तेच आवडतं.

कामाचं वर्ष इथे पाऊस ठरवतो. पॉलियुरेथेन रेझिनमधल्या आयसोसायनेट या रसायनाला दमट हवा लागली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ओतलेला पंख आतून फसफसून सच्छिद्र होतो. व्हॅक्यूम आणि प्रेशर पॉट हवेचे बुडबुडे आवरतात, हे नाही आवरत. मिरग लागला की ओतकाम बंद, दसऱ्याच्या सुमारास परत सुरू. मधल्या महिन्यांत मास्टर आणि डिकल. सुरुवातीला धडाचे मास्टर सावंतवाडीच्या चितारआळीतले एक कारागीर शिवणीच्या लाकडात लेथवर काढून द्यायचे. लाकडी फळं करणारा हात, त्यामुळे गोलाई अशी यायची की पॉलिश पेपर नावालाच लागायचा. आता मास्टर थ्रीडी प्रिंटरवर निघतात. प्रिंट पुरता पक्का झालेला नसेल तर प्लॅटिनमवालं सिलिकॉन त्याला लागलेल्या जागी सेटच होत नाही, चिकट राहतं. म्हणून प्रिंट धुऊन, यूव्हीखाली ठेवून, वर प्रायमर मारल्याशिवाय साच्याला हात लावत नाही. धडासाठी अजूनही मला लाकूडच बरं वाटतं, पण मुलगी ऐकत नाही.

परदेशी पार्सलवर एकदा आमच्याच पोराने 'विमानाचे भाग' असं लिहिलं आणि ते एका कार्यालयात बरेच दिवस अडकून राहिलं. खोक्यावर मॉडेलचा फोटो होता, तरीही. आता मालाचं वर्णन 'खेळण्यातलं मॉडेल' आणि कस्टमचा कोड ९५०३. २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाल्यावर गावात आमची थट्टा वाढली एवढंच, पार्सलं अजून कुडाळमार्गेच जातात.

पुढची दोन नावं ठरली आहेत. एक, इजिप्तला गेलेलं मरुत. ऑस्ट्रियन इंजिनिअर ब्रान्डनर तिथे ई-३०० इंजिन बनवत होता. ते तपासायला आपलं एक मरुत नेलं, एका बाजूला ओर्फियस तसंच ठेवून दुसऱ्या बाजूला ई-३०० बसवलं आणि १९६७ मध्ये उडवलं. दुसरं आमच्या जास्त जवळचं, जी-१ ग्लायडर. कोल्हापूरकडचे विष्णु माधव घाटगे, जर्मनीत गटिंगनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटलच्या हाताखाली शिकलेले. १९५१ मध्ये उडालेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान त्यांचंच. त्याच्या कितीतरी आधी, युद्धाच्या काळात, बंगळूरला त्यांनी हे दहा माणसं बसतील असं ग्लायडर काढलं. बनलं एकच.

जी-१ चे बाजूने घेतलेले फोटो हवे आहेत, विशेषतः दार आणि पंखाचा बुंधा दिसेल असे. कुणाचे आजोबा चाळीसच्या दशकात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये होते आणि घरी अल्बम असेल तर कळवा. मूळ फोटो पाठवू नका, मोबाइलवर काढलेला चालेल, फक्त फ्लॅश बंद ठेवा. किट निघाला की पहिलं खोकं तुमचं.