गुलाबी रंग आणि माझं लिव्हर

बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. ट्रायग्लिसराइडच्या किती टेस्ट केल्या असतील, देव जाणे. पण सोनोग्राफीत माझंच 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' निघालं, तेव्हा या टेस्टकडे पहिल्यांदा संशयाने पाहिलं. (दारूला कधी शिवले नाही, तरी ज्याने त्याने आधी तेच विचारलं.)

ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी: ग्लिसरॉलला चिकटलेली तीन फॅटी ॲसिड्स. आमच्या किटमधलं लायपेझ नावाचं एन्झाइम ती तिन्ही सोडवतं, मग सुट्या झालेल्या ग्लिसरॉलपासून गुलाबी रंग तयार होतो आणि मशीन तो रंग वाचतं. म्हणजे मोजतो आम्ही ग्लिसरॉल. फॅटी ॲसिड्सना कोणी विचारत नाही. आणि लिव्हरचं सगळं दुखणं तर त्यांच्यापाशी!

लिव्हरमधली चरबी खाण्यातून येते, हीच माझी समजूत होती. पण २००५ साली एक अभ्यास छापून आला होता. फॅटी लिव्हरच्या नऊ रुग्णांना खुणेचे अणू देऊन त्यांच्या लिव्हरमधली चरबी कुठून आली ते शोधलं होतं. सुमारे ५९ टक्के रक्तातल्या मोकळ्या फॅटी ॲसिड्समधून, २६ टक्के लिव्हरने स्वतःच साखरेपासून बनवलेली, आणि जेवणातून थेट आलेली जेमतेम १५ टक्के. ती ५९ टक्केवाली मुख्यतः आपल्याच शरीरातल्या चरबीच्या पेशींमधून गळते. इन्सुलिनचं काम त्या पेशींना कुलूप घालायचं. इन्सुलिनला दाद मिळेनाशी झाली की कुलूप सैल पडतं.

मग मोकळी फॅटी ॲसिड्सच का मोजत नाहीत? मोजता येतात, पण नखरे फार. सॅम्पल बर्फात ठेवावं लागतं, नाहीतर नळीतच ट्रायग्लिसराइड तुटत राहून आकडा वाढतो. हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिलेल्या पेशंटचा आकडा तर हमखास फसवा. शिवाय ही ॲसिड्स रक्तात मिनिटंच टिकतात; सुई पाहून घाबरलेल्याचीसुद्धा वाढतात. डॉक्टरांनी ती लिहून दिली नाही, ते बरंच केलं.

औषधांबद्दल वाचताना सगळ्यात जास्त अडकले ते एसीसी नावाच्या एन्झाइमपाशी. लिव्हरचा चरबी बनवण्याचा कारखाना त्याच्यावर चालतो. ते एन्झाइम अडवणारी औषधं आली, लिव्हरमधली चरबी खरंच कमी झाली, आणि रक्तातले ट्रायग्लिसराइड मात्र चढले! कारण एसीसी जो कच्चा माल बनवतं, तोच लांब साखळीची बहुअसंतृप्त फॅटी ॲसिड्स तयार व्हायलाही लागतो. ती घटली की लिव्हरमधलं एक नियंत्रक प्रथिन जागं होतं आणि रक्तात ट्रायग्लिसराइड जास्त सोडलं जातं. मी हे दोनदा वाचलं. बावीस वर्षं 'आकडा खाली म्हणजे ब्येस' असं पेशंटना सांगत आलेय.

ओमेगा-३ चं उलटं. रक्तातले ट्रायग्लिसराइड ती छान उतरवतात, पण बायोप्सीत लिव्हरची सूज आणि व्रण (फायब्रोसिस) सुधारल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. मी तीन महिन्यांच्या कॅप्सूल आधीच घेऊन ठेवल्या होत्या, असो.

मधुमेहावरचं पायोग्लिटाझोन त्या चरबीच्या पेशींच्या कुलपाकडे बघतं: चरबी पेशींमध्येच अडवून ठेवतं, पण वजन वाढवतं. रेसमेटिरॉम हे नवं औषध लिव्हरमधल्या थायरॉइडच्या एका रिसेप्टरला चाळवून फॅटी ॲसिड्स जाळायला लावतं. अमेरिकेत त्याला मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. त्याच्या चाचणीत ५२ आठवड्यांनी सूज मिटली ती जास्त डोसवाल्या सुमारे ३० टक्के लोकांची, औषध नसलेल्या दिखाऊ गोळीवर सुमारे १० टक्के. तीस हा आकडा मला आधी फारच थोडा वाटला. ऑगस्ट २०२५ मध्ये वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडलाही तिथे मंजुरी मिळाली. दोन्ही मध्यम ते बऱ्याच व्रणांसाठी, सिरॉसिसच्या अलीकडे. माझ्या फायब्रोस्कॅनमध्ये (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) व्रण जवळपास नाहीत, म्हणून मला गोळी नाही. वजन सात ते दहा टक्के उतरवा म्हणाले.

चार किलो उतरलंय. परवा माझं सॅम्पल मीच लावलं. ट्रायग्लिसराइड १४२. शेजारचा ज्युनियर म्हणाला, "मॅडम, नॉर्मल! लिव्हर सुधारलं की!"

"ते ग्लिसरॉल आहे रे," म्हटलं, आणि पुढची नळी लावली. फायब्रोस्कॅन पुढच्या महिन्यात आहे.