मागच्या वर्षीसारखंच

घरात लहान मूल असेल तर नाताळात कुठलीही गोष्ट पहिल्यांदा करताना दहादा विचार करावा. आपल्या लेखी ती एक हौस असते, पुढच्या डिसेंबरात तिचा कायदा झालेला असतो. झाडावर दिव्यांची माळ सोडायला मी वरून सुरुवात केली की मागून आवाज येतो, "असं नसतं, खालून असतं." परंपरा वडीलधारी माणसं जपतात, हा आपला एक गोड गैरसमज आहे. वडीलधाऱ्यांना निम्म्या गोष्टींचा मनातून कंटाळाच आलेला असतो. खरी कर्मठ मंडळी पाच-सहा वर्षांची असतात.

आमचा येशूजन्माचा गोठाच घ्या. योसेफ, मरिया, मेंढपाळ, बैल, गाढव, सगळं यथासांग. एका वर्षी धाकट्याने आपला लाल आगीचा बंब आणून गोठ्याच्या दाराशी उभा केला. मी तो उचलायला गेलो तर म्हणाला, "आत इतकं गवत आहे आणि बाबा, तू बाजूला मेणबत्ती लावलीयस." यावर काय बोलणार? तेव्हापासून बेथलेहेमात अग्निशमनाची कायमची सोय झाली आहे. बंबाची शिडी कधीच तुटली, खेळण्यांच्या टोपलीतून तो बाद झाला, पण नाताळच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, मेंढरांशेजारी त्याचा मुक्काम पक्का. एका मेंढराचा पाय मोडलाय. ते गाढवाला टेकवूनच उभं करायचं, हेही ठरलेलं. नवीन आणू या म्हटलं तर दोघांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी विषयच सोडला.

आसिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी गवताने भरलेली गव्हाण मांडली, खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं. त्या बाळाची झालेली अडचण लोकांना डोळ्यांनी दिसावी, एवढीच त्याची इच्छा होती. आमच्या बंबवाल्याचं तरी वेगळं काय आहे? त्यालाही तो गोठा खराच वाटतो, म्हणून तर आगीची काळजी.

गव्हाण मात्र चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी. बाळ आधी ठेवायचं नाही, कारण ते अजून जन्मलेलं नाही. पूर्वेकडचे तीन ज्ञानी पुरुषही आधी पोहोचता कामा नयेत. ते पुस्तकांच्या कपाटावरून निघतात, रोज थोडे सरकतात आणि सहा जानेवारीला गोठ्यापाशी येतात. कित्येक घरांत हे असंच चालतं. वाटेत त्यांचा मुक्काम टीव्हीशेजारी असतो, आणि मी घाईघाईत त्यांना दोन दिवसांची मजल एका दिवसात मारायला लावली की उंट दमल्याची तक्रार येते.

वाट बघणं हाच नाताळचा मोठा भाग आहे, आणि लहान मुलाला नेमकं तेच जमत नाही. 'अजून अठरा दिवस' याला त्याच्या लेखी काही अर्थ नसतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या काही घरांत यावर साधा उपाय होता. दारावर खडूने चोवीस रेघा ओढायच्या आणि रोज एक पुसायची. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापील कॅलेंडरं आली, मग त्यांना उघडणाऱ्या खिडक्या आल्या आणि खिडक्यांमागे चॉकलेटं. माझं मत विचाराल तर खडूच बरा. रेघ एकदम खाऊन टाकता येत नाही. आमच्याकडे एका वर्षी सगळ्या खिडक्या अगदी नीट, कडा जुळवून बंद केलेल्या सापडल्या. आत काहीच नव्हतं.

सांताच्या बाबतीत एक गोष्ट मला मुळीच आवडत नाही, ती म्हणजे त्याच्या नावाने घातलेला दम. 'दूध संपव, नाहीतर सांता येणार नाही.' ज्याच्यापासून हा सांता निघाला तो मायराचा बिशप निकोलस. हुंड्याअभावी ज्यांची लग्नं अडली होती अशा तीन बहिणींच्या घरात त्याने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी त्याची आख्यायिका. त्या मुलींनी दूध संपवलं होतं का, हे त्याने विचारल्याचं कुठे सांगितलेलं नाही. नेदरलँड्समध्ये त्याच्या सणासाठी मुलं बूट मांडून ठेवतात आणि त्याच्या घोड्यासाठी त्यात गाजर ठेवतात. हा व्यवहार मला जास्त सभ्य वाटतो. निदान पाहुण्याच्या जनावराची विचारपूस तरी होते.

'सांता खरंच असतो का?' हा प्रश्न आमच्याकडे तरी कधी डिसेंबरात आला नाही. मुलं एवढी भोळी नसतात, ऐन मोसमात कोण धोका पत्करेल? तो येतो भर उन्हाळ्यात, आपल्या डोळ्यांत साबण गेलेला असताना. न्यूयॉर्कच्या 'द सन' या वर्तमानपत्राला आठ वर्षांच्या एका मुलीने हेच विचारलं होतं, आणि 'होय, सांताक्लॉज आहे' असं सांगणारा तो गाजलेला अग्रलेख छापून आला १८९७च्या सप्टेंबरात! संपादकाला निदान शांतपणे बसून लिहायला वेळ मिळाला. मी टॉवेल शोधत "तुला काय वाटतं?" असं विचारून वेळ मारून नेली.

थोरलीला काय वाटतं ते तिने सांगितलं नाही, पण मागच्या नाताळाआधी ती स्वयंपाकघरात आली, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात मला म्हणाली, "बाबा, सांताच्या भेटीचा कागद आपल्या कागदापेक्षा वेगळा असायला हवा. आणि नाव तू लिहू नकोस. तुझा 'र' त्याला ओळखू येतो." धाकट्याचं नाव आता ती लिहिते, डाव्या हाताने. स्वतःच्या भेटीवर मात्र मीच लिहायचं, मागच्या वर्षीसारखंच, अशी तिची सक्त ताकीद आहे.